अकरा पाने आणि दोन अक्षरे

लंडनहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी अँड सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या १९५७ सालच्या फेब्रुवारीच्या अंकात एक निबंध छापून आला. विसाव्या खंडाच्या अकराव्या पानावर तो सुरू होतो आणि एकविसाव्या पानावर संपतो. पाने मोजून अकरा. मथळा साधा, कोणाचे लक्ष वेधावे असा मुळीच नाही: मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस भागाला इजा झाल्यावर अलीकडच्या स्मृतीचा होणारा नाश. मथळ्याखाली दोन नावे आहेत. पहिले विल्यम बीचर स्कोव्हिल या शस्त्रवैद्याचे आणि दुसरे ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंचे. ज्याच्यामुळे हा निबंध लिहिता आला, तो तिसरा माणूस आत दोन अक्षरांत बसविला आहे: एच. एम.

मेंदू आणि वर्तन यांच्या शास्त्रात सर्वाधिक उल्लेख झालेल्या लिखाणांत या अकरा पानांची गणना होते. पुढल्या हजारो निबंधांच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत, ‘स्कोव्हिल आणि मिलनर, १९५७’ एवढी ओळ सापडते. या पानावर संगीत, नाटक आणि जुन्या वाड्यांचा इतिहास वाचणारे वाचक म्हणतील की, हा विषय आज येथे कोठून आला? तो आपल्याच घरांतून आला आहे. दांडिया बाजारात काय किंवा रावपुऱ्यात काय, जुन्या मराठी घरांतली मुले-मुली आता विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत आहेत. त्यांची बढती, त्यांचे अनुदान, कित्येकदा त्यांचे घरातले वजनही ‘सायटेशन किती?’ या प्रश्नावर तोलले जाते. पूर्वी मुलगा दरबारात कोणत्या हुद्द्यावर आहे हे विचारीत, त्यातलाच हा प्रकार. माझी उभी हयात ग्रंथालयात गेली. ज्या जाडजूड खंडांतून हे उल्लेख मोजले जात, ते खंड मी स्वतः फडताळात लावले आणि काढून दिले. म्हणून या मोजणीविषयी दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. आणि ते एका खऱ्या उदाहरणाच्या आधारानेच सांगणे बरे.

मिलनरबाईंचे उदाहरण मी घेतो, याला आणखी एक कारण आहे. बाई संगीताच्या घरातल्या. त्यांचा जन्म १५ जुलै १९१८ रोजी मँचेस्टर येथे झाला. वडील सॅम्युएल लँगफर्ड हे ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राचे संगीतसमीक्षक. आई ही त्यांच्याकडे गाणे शिकायला येणारी विद्यार्थिनी. लँगफर्ड १९२७ साली वारले आणि त्यांच्या जागी आले नेव्हिल कार्डस. होय, क्रिकेटवर लिहिणारे तेच कार्डस. विजय हजाऱ्यांच्या गावातल्या वाचकांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. लँगफर्डांनी मुलीला शाळेत न घालता पहिली काही वर्षे स्वतःच घरी शिकविले: गणित, जर्मन भाषा आणि शेक्सपिअर. गाणे मात्र मुलीच्या गळ्यात उतरले नाही. आपल्याला संगीताचे अंग नाही, हे पुढे बाई स्वतःच मोकळेपणाने सांगत. वडील गेले तेव्हा ती अवघी आठ वर्षांची होती. आपल्याकडे अशा मुलीविषयी ‘घराणे बुडविले’ म्हणून हळहळ व्यक्त झाली असती. परंतु कानाचा विषय तिला सुटला नव्हता, तो निराळ्या वाटेने पुढे परत आला. ते योग्य ठिकाणी सांगेन.

केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती १९३६ साली गणितासाठी गेली. आपल्या हातून गणितात मोठे काही होणार नाही हे तिने लवकरच ओळखले आणि मानसशास्त्राकडे वळली. १९३९ साली तिचे शिक्षण पुरे झाले. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेला बसू देई, उत्तीर्णही करी, परंतु पूर्ण अधिकाराची पदवी देत नसे. ती स्त्रियांना १९४८ पासून मिळू लागली. महायुद्धात वैमानिकांची निवड आणि रडारची कामे झाली. १९४४ साली विद्युत अभियंता पीटर मिलनर यांच्याशी विवाह होऊन जोडपे कॅनडात माँट्रियलला गेले. बाई तेथील फ्रेंच विद्यापीठात फ्रेंच भाषेतून मानसशास्त्र शिकवू लागल्या. परकी भाषा शिकून घेऊन तिच्यात अध्यापन करणे म्हणजे काय, हे दोन-तीन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपणांस ठाऊकच आहे.

माँट्रियललाच मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब होते. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यांतून वर्तन कसे घडते याचा विचार मांडणारे त्यांचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचेही उल्लेख आजवर असंख्य झाले आहेत. ते पुस्तक हस्तलिखित असतानाच हेब आपल्या वर्गात वाचून दाखवीत, त्यावर चर्चा करीत. मिलनरबाई त्या वर्गात बसत. हेबनी त्यांना १९५० साली वाइल्डर पेनफील्ड यांच्या रुग्णालयात धाडले. पेनफील्ड हे फेफऱ्यावर शस्त्रक्रिया करणारे नामांकित वैद्य. मेंदूच्या ज्या भागातून झटका उठतो तेवढा भाग ते काढून टाकीत. बाईंचे काम असे की, शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रुग्णाची बुद्धी, भाषा, स्मृती तपासायची आणि काय गेले, काय राहिले ते लिहून ठेवायचे. काम कंटाळवाणे, सावकाश. एका रुग्णापाशी दिवसचे दिवस बसावे लागे.

पेनफील्डांचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर ठीक असत. दोघांचे मात्र विपरीत झाले. एक अभियंता होता, दुसरा हातमोज्यांचे कापड बेतणारा कारागीर. दोघांच्या कानशिलामागच्या मेंदूचा आतला भाग एकाच बाजूने, डाव्या बाजूने काढला होता; आणि दोघांनाही नवीन काही लक्षात राहीनासे झाले. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, सकाळी घडलेले दुपारी पुसलेले. पेनफील्ड आणि मिलनर यांनी तर्क केला की, यांच्या उजव्या बाजूचा तोच भाग आधीपासूनच बिघडलेला असला पाहिजे. अभियंत्याच्या मृत्यूनंतर झालेल्या शवचिकित्सेत तसेच आढळले. तो वृत्तांत १९७४ साली छापला गेला. तर्क आधी आणि पुरावा सुमारे वीस वर्षांनी!

या दोघांविषयीचा गोषवारा १९५५ साली अमेरिकेतल्या मज्जावैद्यांच्या परिषदेसाठी गेला आणि तो स्कोव्हिल यांच्या वाचनात आला. स्कोव्हिल यांनी पेनफील्डांना दूरध्वनी केला. असाच एक रुग्ण आपल्याकडे आहे, असे त्यांनी सांगितले. बाई रेल्वेने हार्टफर्डला गेल्या.

तो रुग्ण म्हणजे एच. एम. त्याला लहानपणापासून फेफरे येत. विशीत आल्यावर ते इतके वाढले की कारखान्यातले साधे कामही अशक्य झाले. औषधांचा उपाय चालेना. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग, त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा, काढून टाकला. ही शस्त्रक्रिया त्यांनी यापूर्वी वेड्यांच्या इस्पितळांतल्या रुग्णांवर केली होती. फेफऱ्यासाठी हा प्रयोगच होता, आणि निबंधात तसे प्रांजळपणे म्हटले आहे. फेफरे पुष्कळ कमी झाले. त्याबरोबर नवे काही लक्षात ठेवण्याची शक्तीही गेली.

२६ एप्रिल १९५५ रोजी मिलनरबाईंनी त्याला तपासले. तारीख विचारली तर त्याने मार्च १९५३ सांगितली. वय सत्तावीस सांगितले. तपासणीच्या खोलीत येण्यापूर्वी, अगदी दारापर्यंत, कार्ल प्रिब्रम या डॉक्टरांशी तो बोलत होता. आत आल्यावर म्हणाला, आपल्याशी कोणीच बोलले नाही. बुद्धिमापनात त्याला ११२ गुण मिळाले, म्हणजे सामान्य माणसाहून काकणभर सरसच. त्याच कसोटीकाराच्या स्मृतिमापनात मिळाले ६७. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळा निबंध आहे. तोवर कार्ल लॅशली यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत असे होते की, स्मृती मेंदूत एका जागी नसतेच, ती सर्वत्र विखुरलेली असते; उंदरांच्या मेंदूचे तुकडे काढून काढून त्यांनी ते मत बनविले होते. येथे एक मनुष्य समोर बसला होता, ज्याची हुशारी, विनय, शब्दसंपत्ती, बालपणीच्या आठवणी सारे जागच्या जागी आणि केवळ नवी आठवण घडविण्याचे यंत्र निखळलेले.

त्याचा एक प्रसंग बाईंनी पुढे नमूद केला आहे, तो मला फार बोलका वाटतो. त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि एकटे बसविले. पाव तासानंतर त्याने तो बरोबर सांगितला. कसा लक्षात राहिला, तर त्याने हिशेब मांडला होता: तिन्ही अंकांची बेरीज सतरा, त्यातून आठ वजा केले की नऊ, नवाचे दोन वाटे पाच आणि चार. हाच हिशेब तो मनात घोळवीत राहिला होता. एका क्षणासाठी लक्ष दुसरीकडे वळविल्यावर आकडा गेला, हिशेब गेला आणि असा काही आकडा आपल्याला दिला होता हेही गेले.

आणि आता आरशातल्या चांदणीची हकीकत. कागदावर एकात एक अशा दोन रेषांची चांदणी काढलेली असते. हात आणि कागद प्रत्यक्ष दिसू द्यायचा नाही, केवळ आरशात पाहायचा, आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. वाचकांनी घरी करून पाहावे. प्रथम हात भलतीकडेच जातो. बाईंनी हे एच. एम.कडून तीन दिवस करून घेतले. दर वेळी त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. दर वेळी हात मात्र आधीपेक्षा सफाईने चाले. तिसऱ्या दिवशी तर चुका जवळजवळ नाहीशाच झाल्या. म्हणजे हाताची स्मृती आणि मनाची स्मृती एक नव्हे. मेंदूत त्यांची दुकाने निराळी आहेत. तबल्याचा बोल बोटांत बसतो तो कसा, हे आपले उस्ताद आपल्या परीने सांगतच आले आहेत. येथे त्याला मोजमापाचा पुरावा मिळाला. मौज अशी की, हा शोध प्रथम छापला गेला तो १९६२ साली पॅरिसच्या एका परिषदेच्या फ्रेंच भाषेतल्या ग्रंथात. आज तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मूळ ग्रंथ उघडून पाहणारे किती असतील, याचा अंदाज ग्रंथपालाला असतो.

१९५७च्या निबंधाचे पुढे काय झाले? हिप्पोकॅम्पस हा शब्द मूळचा समुद्रघोड्याचा, मेंदूतल्या त्या भागाचा आकार तसा दिसतो म्हणून दिलेला. या निबंधानंतर सारे शास्त्र त्या समुद्रघोड्यामागे लागले. माकडांत तसाच स्मृतिनाश घडवून दाखवायला सुमारे वीस वर्षे गेली. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या आणि त्याबद्दल त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी त्याच भागात पेशींमधला दुवा वापराने दीर्घकाळ घट्ट होतो हे दाखविले. १९८०च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड मॉरिस यांनी पाण्याचा हौद काढला: गढूळ केलेल्या पाण्यात बुडालेला एक चौथरा असतो, उंदराने पोहत तो शोधायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवतालच्या खुणांवरून सरळ तेथे जायचे. ज्याचा हिप्पोकॅम्पस बिघडला तो उंदीर रोज नव्याने भटकतो. हा हौद आपल्याकडच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांतूनही आहे. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते का, या आजीबाईच्या बटव्यातल्या प्रश्नावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. असा कोणताही स्मृतीचा निबंध लिहायचा म्हटला की, आरंभी कोठेतरी हिप्पोकॅम्पस आणि स्मृती यांचा संबंध सांगावा लागतो, आणि तो सांगितला की ती ओळ आलीच: स्कोव्हिल आणि मिलनर, १९५७.

आता मोजणीकडे वळू. कोणी कोणाचा उल्लेख केला याची सूची करण्याची युक्ती शास्त्रज्ञांची नव्हे, वकिलांची. अमेरिकेत इलिनॉय येथे फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली अशी सूची काढली की, अमुक निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला वा फेटाळला. आरंभी तर ते डिंक लावलेल्या चिठ्ठ्याच छापून देत. वकिलाने त्या आपल्या कायद्याच्या ग्रंथात चिकटवाव्यात. जुन्या बडोदे संस्थानातल्या वकिलांच्या घरी जन्मलेल्या वाचकांना याची उपयुक्तता क्षणात कळेल. हीच कल्पना यूजीन गारफील्ड यांनी शास्त्राला लावावी असे १९५५ साली ‘सायन्स’मध्ये सुचविले आणि १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. पहिल्या सूचीत ६१३ नियतकालिके घेतली होती. हेतू शोधाचा होता: जुना निबंध हाती असला तर त्याचे पुढे काय झाले ते कळावे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना आणून येथे ग्रंथालयांची जी घडी बसविली, तिच्यातल्या कार्डांच्या खणांचाच हा थोरला भाऊ, असे मला ते खंड प्रथम पाहिले तेव्हा वाटले होते.

ते छापील खंड ज्यांनी हाताळले असतील त्यांना आठवेल: पातळ कागद, डोळे दुखविणारा बारीक टाइप, ओळीमागून ओळ आडनावे. त्यात एक मेख होती. उल्लेखिलेला निबंध पहिल्या लेखकाच्या नावाखालीच लावलेला असे. म्हणजे १९५७चा निबंध सापडायचा स्कोव्हिल या नावाखाली. पेनफील्ड यांच्यासह १९५८ साली लिहिलेला निबंध पेनफील्ड यांच्या नावाखाली. ‘मिलनर’ या नावाखाली जाऊन कोणी बाईंचे माप घेतले असते, तर ज्या अकरा पानांनी त्यांचे नाव जगभर झाले ती पाने त्या मापात आलीच नसती. कसोट्या त्यांनी घेतल्या, ११२ आणि ६७ हे आकडे त्यांच्या वहीतले. अर्थात स्कोव्हिल यांना कमी लेखणेही बरोबर नाही. आपल्या हातून झालेल्या हानीची वाच्यता आपल्याच नावाने करणारे आणि पुन्हा कोणी ही शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंनी करू नये असे इतर शस्त्रवैद्यांना बजावणारे किती निघतील? परंतु सूचीला यातले काहीच दिसत नसे.

हे केवळ परदेशातले नव्हे. फार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात निवडसमितीपुढे ते खंड घेऊन हजर राहण्याचा मला हुकूम झाला. उमेदवार प्राणिशास्त्राच्या एक बाई होत्या. समितीतल्या एका गृहस्थांनी नव्यानेच ‘सायटेशन’ हा शब्द ऐकला होता. बाईंच्या आडनावाखाली दोन ओळी निघाल्या. मी सांगितले की, यांचे बाकीचे निबंध यांच्या मार्गदर्शकांच्या नावाखाली लावलेले आहेत, ते काढून देतो, पाऊण तास लागेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या बाई पुढे शाळेत शिकवून निवृत्त झाल्या.

आता यंत्रांमुळे सर्व लेखकांची नावे धुंडाळता येतात, हे चांगलेच झाले. तथापि नव्या मापांनी नवे घोळ आणले. माझी भाची पुण्याला उंदरांच्या स्मृतीवर काम करते. मागे दिवाळीत आली होती तेव्हा म्हणाली, “मामा, माझा एच नऊ झाला.” मला वाटले, शाळेतल्या गुणांसारखे काही असेल. मी म्हटले, “दहापैकी?” ती हसून म्हणाली, “अहो, दहापैकी कसला! नऊ निबंध असे, की प्रत्येकाचे निदान नऊ उल्लेख झालेत.” हे माप जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्याने २००५ साली सुचविले. मी तिला विचारले, “एखाद्याने जन्मात एकच निबंध लिहिला आणि त्याचे पाच हजार उल्लेख झाले, तर त्याचा एच किती?” ती क्षणभर थांबली. “एक,” म्हणाली. मग आपणच म्हणाली, “मग तो माझ्यापेक्षा आठांनी मागे!”

नियतकालिकाला जे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नावाचे माप लावतात त्याची तऱ्हा याहूनही गमतीची. त्यात गेल्या दोनच वर्षांतल्या निबंधांचे उल्लेख धरतात. १९५७च्या निबंधाचा कोणी २००७ साली उल्लेख केला तर त्या लंडनच्या नियतकालिकाच्या पदरात त्याबद्दल शून्य पडते. मुरलेल्या लोणच्याची किंमत आठवड्याच्या आत ठरविण्यासारखेच हे. गारफील्ड यांनी स्वतः या मापांच्या दुरुपयोगाविरुद्ध वारंवार इशारा दिला होता. डिसेंबर २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी तर लेखी जाहीरनामाच काढला की, नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची परीक्षा करू नये. समित्या तो वाचतात की नाही, हे समित्यांनाच माहीत.

मोजणीला न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. स्कोव्हिल यांनी १९५४ सालीच एका निबंधात या शस्त्रक्रियेने अलीकडच्या स्मृतीचा गंभीर नाश झाल्याचे नोंदविले होते. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. माणूस तोच, घटना तीच. फरक एवढाच की, १९५७मध्ये बाईंच्या कसोट्या जोडलेल्या होत्या: काय गेले याबरोबर काय राहिले हेही मोजलेले होते, आणि हानी शस्त्र किती खोल गेले त्याप्रमाणे वाढते हे नऊ रुग्णांची तुलना करून दाखविले होते. माझ्या मते त्या हजारो उल्लेखांचे खरे कारण येथे आहे. चमत्कारिक रुग्ण पुष्कळांना भेटतात.

बाईंचे इतर काम थोडक्यात सांगतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला माणूस पत्त्यांच्या खेळात नियम बदलला तरी जुन्याच नियमाला चिकटून राहतो, हे त्यांनी १९६३ साली एकट्याच्या नावाने लिहिले. त्या निबंधाचेही उल्लेख हजारांच्या घरात आहेत. डावखुऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांची वाचा उजव्या हाताने काम करणाऱ्यांप्रमाणे मेंदूच्या डाव्या बाजूलाच असते, हे त्यांनी व थिओडोर रासमुसेन यांनी १९७७ साली दाखविले.

आणि कानाविषयी मी मघाशी म्हटले ते हे. १९६२ साली त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात कानशिलामागच्या मेंदूचा उजवा भाग काढलेल्या रुग्णांना स्वरावली लक्षात ठेवणे आणि नादाची जात, म्हणजे एकाच स्वराचा निरनिराळा पोत, ओळखणे जड जाते, डावा भाग काढलेल्यांना तितके नाही, असे आढळून आले. संगीताचा मेंदूशी संबंध शोधणाऱ्या पुढच्या अभ्यासाच्या पायातला हा एक दगड आहे. समीक्षकाच्या ज्या मुलीला गाणे आले नाही, तिने गाणे मेंदूत कोणत्या बाजूला ऐकू येते ते सांगितले. उल्लेखांच्या गणतीत हा लेख अकरा पानांच्या जवळपासही नसेल. बडोद्याच्या वाचकांना मी सांगेन की, बाईंचे एकच काही वाचायचे तर हे वाचा.

त्यांना मान पुष्कळ मिळाले: १९७९ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००९ साली बाल्झान पारितोषिक, २०१४ साली ओकीफ आणि मार्कस रेकल यांच्यासह काव्हली पारितोषिक. २०१८ साली त्यांची शंभरी झाली.

एच. एम.चे काय झाले? त्याचे पुढचे आयुष्य आधी आईवडिलांपाशी आणि १९८०पासून कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात गेले. मिलनरबाईंच्या शिष्या सुझन कॉर्किन यांनी त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ तपासले. त्यांची ओळख त्याला कधीच पटली नाही. शाळेत बरोबर असाव्यात असे त्याला वाटे. शब्दकोडी त्याला आवडत. २ डिसेंबर २००८ रोजी तो वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वारला, तेव्हा त्याचे संपूर्ण नाव जगाला कळले: हेन्री गुस्ताव मोलेसन. पुढल्या वर्षी सॅन डिएगो येथे त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप घेण्यात आले. मग २०१६ साली स्कोव्हिल यांचेच दौहित्र ल्यूक डिट्रिच यांनी एक पुस्तक लिहिले. ज्याला आपण काय कबूल केले हे पाच मिनिटांत विसरायला होते, त्याची संमती ती कसली, आणि त्याच्या वतीने ती देणारा नेमला तो कोण, असे प्रश्न त्यात आहेत. कॉर्किन यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या पुष्कळ आरोपांना उत्तरे दिली. पण संमतीचा प्रश्न मला उत्तराने मिटण्याजोगा वाटत नाही.

भाचीने मला त्या निबंधाची छापील प्रत पाठविली. ती मी भिंग घेऊन दोनदा वाचली. सारे जग हेन्रीविषयी बोलते. निबंधात त्याच्याखेरीज आठजण मनोरुग्णालयांतले आहेत, आणि त्यांची शस्त्रक्रिया मनोविकारासाठी झाली होती. त्यांची आद्याक्षरे तेवढी छापली आहेत. त्यांतला एक, डी. सी., वयाने सत्तेचाळीस, स्वतः डॉक्टर होता. त्याचीही स्मृती हेन्रीसारखीच गेली. तपासणीत त्याला एक कुत्रा आणि एक हत्ती काढायला सांगितले. त्याने काढले. अर्ध्या तासाने ती चित्रे त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा ती आपण काढली आहेत हे त्याला ओळखता आले नाही.